कागदाचे शेजारी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी विद्यापीठ ग्रंथालयाच्या विशेष संग्रहात बसायचं आणि आजोबांचे कागद त्याच विभागाला द्यायचे का ते ठरवायचं, अशी दोन्ही कामं तुझ्याकडे एकदमच आली आहेत. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहूनच देते.

दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच आहे. कागदाला मोल असतं ते मजकुरामुळे आणि त्याच्या शेजाऱ्यांमुळेही. पत्र कुठल्या फाईलमध्ये होतं, त्याच्या मागेपुढे काय होतं, हाही पुरावाच. एकाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हे फ्रान्समध्ये १८४१ च्या सरकारी परिपत्रकाने ठरलं. १८९८ साली तीन डच अभिलेखपालांनी (म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्या तज्ज्ञांनी) मूळ क्रम जपण्याचा नियम पद्धतशीर मांडला. वाचनकक्षातले जाचक वाटणारे बरेच नियम इथूनच आलेत.

आधी वाचायचं काम. पन्नास खोक्यांच्या संग्रहालाही नेहमीच्या कॅटलॉगमध्ये बहुधा एकच नोंद असते. त्या नोंदीला जोडलेली फाइंडिंग एड उघड. तिच्यात कागद जमवणाऱ्याचा परिचय, संग्रहाची व्याप्ती, मांडणी, बंधनं आणि शेवटी खोकं-फोल्डरवार यादी असते. घाईत सगळे थेट यादीवर जातात. तू व्याप्तीचं आणि मांडणीचं टिपण आधी वाच. कोणत्या वर्षांचे कागद नाहीत, क्रम मूळ मालकाचा की ग्रंथालयाने नंतर लावलेला, कुठला भाग बंद आहे आणि कधी खुला होणार, हे तिथेच कळतं. यादीत ‘पत्रव्यवहार, १९३४–३६’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आत दोनशे पत्रं निघतात. तुला हवं असलेलं नाव सूचीत बहुतेक नसेलच. म्हणून नुसत्या विषयाने शोधू नकोस. त्या विषयावर कोणी कोणाला लिहिलं असेल अशा माणसांची आणि संस्थांची नावं काढ आणि त्यांचे संग्रह शोध. बायकांची पत्रं तर नवऱ्याच्या नावाच्या संग्रहात, ‘कौटुंबिक’ अशा मोघम शीर्षकाखाली पडलेली असतात.

संग्रहाचा आकार रेषीय फुटांत किंवा मीटरमध्ये देतात, म्हणजे शेल्फवर त्याने व्यापलेली लांबी. एका फुटात ढोबळमानाने दीड ते दोन हजार सुटे कागद बसतात. मजकूर हाताने लिहिलेला असेल तर त्या हिशेबाने दिवस राखून ठेव.

जाण्याआधी विभागाला ईमेल कर: संग्रहाचं नाव व क्रमांक, खोक्यांचे क्रमांक, येण्याची तारीख आणि नेमकं काय शोधते आहेस ते दोन ओळींत. खोकी बऱ्याचदा दुसऱ्या इमारतीतल्या गोदामात असतात, ती मागवायला काही दिवस लागू शकतात. टेप, फिल्म किंवा फ्लॉपी हवी असेल तर त्याहून आधी कळव, कारण वाचकाला सहसा मूळ वस्तू न देता तिची प्रत करून देतात. विषय मोकळेपणाने सांग. सूची न झालेल्या संग्रहांत काय आहे हे पुष्कळदा फक्त तिथल्या अभिलेखपालालाच माहीत असतं.

ओळखपत्र दाखवून नोंदणी होते, पिशवी आणि कोट लॉकरमध्ये जातात. आत शिसपेन्सिल, सुटे कागद, लॅपटॉप आणि बहुतेक ठिकाणी फोनही चालतो. पेन चालत नाही, कारण शाईचा डाग कागदातून निघत नाही. सिनेमात दाखवतात ते पांढरे सुती मोजे सहसा लागत नाहीत. मोज्यात बोटाला कागदाची कड कळत नाही, पान दुमडतं, फाटक्या कडेत धागा अडकतो. ब्रिटिश लायब्ररीसुद्धा बहुतेक हस्तलिखितांना स्वच्छ, कोरडे हातच लावा म्हणते. हात साबणाने धुऊन पूर्ण वाळव. क्रीम किंवा सॅनिटायझर लावून आत जाऊ नकोस. फोटो, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तूंना मात्र मोजे घालच, त्यांवर घामाचे ठसे कायमचे उमटतात.

टेबलावर एक खोकं, खोक्यातून एका वेळी एकच फोल्डर, आणि तो काढलेल्या जागी खुणेचं कार्ड. फोल्डर सपाट ठेव आणि वाचून झालेलं पान पुस्तकाचं पान उलटावं तसं डावीकडे पालथं घाल. शेवटी अख्खी थप्पी एकदम सुलटी केली की क्रम जसाच्या तसा राहतो. कडा जुळवायला थप्पी टेबलावर ठोकू नकोस, ठिसूळ कागदाचे कोपरे तिथेच तुटतात. क्रम आधीच चुकलेला दिसला तरी स्वतः लावू नकोस, कर्मचाऱ्याला दाखव. चूक वाटते तो मूळ मालकाचा क्रमही असू शकतो. बांधीव वही फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर ठेवून जेवढी सहज उघडते तेवढीच उघडायची.

फोटो काढताना फ्लॅश बंद. प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या लेबलचा, खोक्याचा क्रमांक दिसेल असा. हे चुकलं की घरी आल्यावर चारशे फोटो असतात आणि एकाचाही संदर्भ देता येत नाही. त्याच संध्याकाळी फोटो खोकं-फोल्डरच्या नावाने लावून टाक. तळटिपेत पत्र कोणाचं कोणाला, तारीख, खोकं, फोल्डर, संग्रहाचं नाव व क्रमांक, विभाग आणि विद्यापीठ एवढं सगळं यायला हवं.

पानाची मागची बाजू आणि पाकीटही टिपायला विसरू नकोस. पत्रावर नुसतं ‘गुरुवार’ लिहिलेलं असतं आणि वर्ष फक्त पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात सापडतं. शिक्का पुसट असेल तर आधीच्या आणि नंतरच्या पत्रांवरून अंदाज बांधायचा. कोपऱ्यात चौकटी कंसात पेन्सिलीने लिहिलेली तारीख दिसली तर ती बहुधा पत्रलेखकाची नसते, नंतर कुणीतरी केलेला तर्क असतो. उतरवताना कंसही उतरव.

अभ्यासासाठी फोटो काढू दिला म्हणजे छापायची परवानगी मिळाली असं होत नाही. पत्राचा कागद ज्याला ते आलं त्याचा, त्यातल्या शब्दांचा कॉपीराइट मात्र लिहिणाऱ्याचा आणि नंतर त्याच्या वारसांचा. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो, पुष्कळ देशांत ६० किंवा ७०. ग्रंथालयाची परवानगी आणि वारसांची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंध पुस्तकरूपात यावा असं मनात असेल तर पत्ते आत्तापासूनच टिपून ठेव.

आता आजोबांचे कागद. अशा कागदांचं सर्वांत जास्त नुकसान भल्या हेतूने होतं, देण्याआधी ‘जरा आवरून’ ठेवल्याने. तारखेवार लावू नकोस. पाकिटं वेगळी करू नकोस. खाडाखोड केलेले कच्चे खर्डे टाकू नकोस. छापील लेख कुठेही मिळतो, तो कसा घडला ते फक्त खर्ड्यांत दिसतं. डायरीत सापडलेलं तिकीट त्याच पानात राहू दे. हात लावण्याआधी ट्रंक, कपाट, खण यांचे थराथराने फोटो काढ आणि प्रत्येक खोक्यावर ‘टेबलाचा डावा खण’ असं ठिकाण लिही.

फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नकोस. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, आणि डाग सहसा पुरता जात नाही. लॅमिनेशन तर मुळीच नको. कागदाला चिकटलेला रबरबँड खरवडू नकोस. डांबरगोळ्यांचा वास कागद वर्षानुवर्षं धरून ठेवतो, त्याही टाकू नकोस. फोटोतल्या माणसांची नावं मात्र लिहायलाच हवीत. ती ओळखणारे आपण काही जणच उरलो आहोत. चकचकीत फोटोच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेन पुढच्या बाजूला उठून दिसतं, म्हणून फोटोला क्रमांक देऊन वेगळ्या कागदावर डावीकडून उजवीकडे नावं लिही. जे नक्की माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह दे.

ग्रंथालयाला हवी असतात पत्रं, डायऱ्या, खर्डे, सभांची इतिवृत्तं, हिशेबाच्या वह्या, नावांनिशी फोटो. आलेल्या पत्रांच्या जोडीला स्वतः पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती असतील तर फारच छान, संवादाच्या दोन्ही बाजू मिळतात. स्मृतिचिन्हं, सहज मिळणारी छापील पुस्तकं, झेरॉक्स आणि मासिकांचे गठ्ठे सहसा नको असतात. तरी निवड तू करू नकोस, त्यांना करू दे.

देईपर्यंत खोकी घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेव. माळ्यावर उष्णता, तळघरात ओल. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. बुरशीचं किंवा कसर लागलेलं खोकं वेगळं बांधून ठेव आणि तसं आधीच कळव. विभाग ते अलग ठेवतो, किडीसाठी हवाबंद करून गोठवतो. न सांगता दिलं तर त्याची लागण दुसऱ्या संग्रहांना होते. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, कुजायला लागलं आहे; तो डबा बाकीच्यांपासून दूर ठेव. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती भयंकर ज्वालाग्राही असते, कुरिअरने कधीच पाठवायची नाही.

कॉम्प्युटर आणि फ्लॉपींना हात लावू नकोस. ‘काय आहे बघू’ म्हणून फाईल उघडून सेव्ह झाली की तिची बदलाची तारीख बदलते, आणि कुठला खर्डा आधीचा हे सांगणारी खूण जाते. विभाग राइट-ब्लॉकर, म्हणजे डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण, लावून डिस्कची हुबेहूब प्रतिमा घेतो. तू फक्त पासवर्ड एका कागदावर लिहून दे.

कुठल्या ग्रंथालयाला द्यायचं? सर्वांत नावाजलेलंच हवं असं काही नाही. आजोबांचा ज्यांच्याशी पत्रव्यवहार होता त्यांचे कागद जिथे आहेत ते उत्तम. तिथे पत्र आणि त्याचं उत्तर एकाच टेबलावर येतात. दोन ठिकाणी वाटून मात्र देऊ नकोस. आधी एका पानाचं टिपण पाठव: आजोबा कोण, काम काय, वर्षं कोणती, किती खोकी, भाषा, कागदांचे प्रकार, अवस्था, मालक कोण. न विचारता खोकी नेऊन टाकू नयेत. नकार आला तर मनाला लावून घेऊ नकोस. प्रत्येक विभागाचं संग्रहधोरण ठरलेलं असतं आणि जागा मोजकी. दुसरं योग्य ठिकाण त्यांनाच विचार.

होकार आला की बक्षीसपत्र होईल. त्यावर माझी, मामाची आणि मावशीची, तिघांचीही सही लागेल. मालकी कायमची जाते, नंतर मन बदललं तरी कागद परत मागता येत नाहीत. कॉपीराइटही द्यायचा की आपल्याकडे ठेवायचा, हे वेगळं कलम असतं; ते कोरं राहिलं तर पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला आपल्याला शोधत यावं लागेल. आजोबांनी लिहिलेल्याचाच हक्क आपण देऊ शकतो, त्यांना आलेल्या पत्रांचा नाही. काही भाग बंद ठेवायचा असेल तर कोणता आणि कोणत्या वर्षापर्यंत, ते स्पष्ट लिहून घे. ‘कुटुंबाच्या परवानगीने’ असं मोघम कलम नको. तीस वर्षांनी परवानगी कोणी द्यायची? विद्यार्थ्यांचे गुण, कुणाची आजारपणं, ओळखपत्रांचे क्रमांक कुठे आहेत ते आधीच दाखव. करसवलतीसाठी किंमत हवी असेल तर ती ग्रंथालय ठरवत नाही, घेणाराच मूल्य कसा लावणार? स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यावं लागतं, शक्यतो ताबा देण्याआधी.

दिल्यावर लगेच सूची होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस, वर्षं लागू शकतात. २००५ साली दोन अमेरिकी अभिलेखपालांनी मांडलं की एकेक टाचणी काढत बसल्याने संग्रह वाचकांपर्यंत पोचतच नाहीत. तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी आधी ढोबळ यादी करून खोकी खुली करतात. कागदाला गंजकी क्लिप दिसली तर तो निष्काळजीपणा समजू नकोस. सगळं स्कॅन होऊन इंटरनेटवर येईल असंही नाही. घरी प्रती हव्या असतील तर देण्यापूर्वी काढ, क्रम न हलवता.

बक्षीसपत्राचा मसुदा सहीआधी मला पाठव. नको असलेल्या कागदांचं काय करणार, परत देणार की नष्ट करणार, हे कलम त्यात आहे ना ते पाहा. सही झालेल्या प्रतीबरोबर खोक्यांची यादी मामाकडे आणि मावशीकडेही पोचव, आणि आपल्यापैकी कोणाचा पत्ता बदलला तर विभागाला कळवत राहा.

तुझी,
आई