एन्टेरोव्हायरस निगेटिव्ह म्हणजे पॅरेकोव्हायरस नाही, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की खान्देशात डेंग्यू, स्क्रब टायफस, चंडिपुरा यांची चर्चा सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी. त्या यादीत पॅरेकोव्हायरसचे नाव मात्र कुणी घेत नाही. हा तान्ह्या बाळांचा आजार, एवढीच त्याची ओळख. मोठ्या माणसांत त्यामुळे मेंदूज्वर किंवा लुळेपणा झाल्याच्या नोंदी मोजक्याच आहेत हे खरे. पण मोठ्यांत तो फारसा शोधलाही जात नाही.

तपासात तो निसटतो कुठे, ते आधी सांगतो. १९५६ साली अमेरिकेत जुलाब झालेल्या मुलांत हा विषाणू सापडला, तेव्हा त्याला एन्टेरोव्हायरसच्या (पोलिओचा विषाणू ज्यात मोडतो त्या) गटातले इकोव्हायरस २२ आणि २३ म्हणत. पुढे त्याची जनुकीय रचना बरीच निराळी निघाली आणि त्याचा गट वेगळा केला गेला. म्हणूनच एन्टेरोव्हायरसची नेहमीची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी त्याला पकडत नाही. रिपोर्टवर ‘एन्टेरोव्हायरस निगेटिव्ह’ आले की फाइल बंद होते. डॉक्टरांनी अर्जावर ‘पॅरेकोव्हायरस आरटी-पीसीआर’ असे वेगळे लिहिले, तरच तो सहसा तपासला जातो. मेंदूज्वराच्या काही एकत्रित चाचणी संचांत तो असतो, काहींत नसतो. पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. पाठीतल्या पाण्यात (मणक्यातून सुईने काढतात त्यात) पेशी वाढलेल्या नाहीत म्हणूनही तो नाही असे ठरत नाही. बाळांमध्ये तर पेशी बहुधा वाढलेल्या नसतातच.

मोठ्यांतले ठळक चित्र जपानच्या यामागाता भागात २००८ साली दिसले. प्रकार ३ च्या पॅरेकोव्हायरसने प्रौढांना ताप आला, दोन्ही दंड आणि मांड्या असह्य दुखू लागल्या, हाताची पकड सैल झाली. काही पुरुषांत वृषणही दुखले. आपल्याकडे रावेर-यावलच्या बागेत केळीचे घड वाहणाऱ्या माणसाला असे झाले, तर ‘काम जास्त झालं’ म्हणून अंगावर काढले जाईल. श्रमाच्या दुखण्यात ताप नसतो, आणि ज्या बाजूवर भार पडला तीच बाजू जास्त धरते. ताप असेल, दोन्ही बाजू सारख्या दुखत असतील, उकिडवे बसल्यावर उठता येत नसेल, तर दवाखाना गाठावा. घरातल्या लहान मुलाला नुकताच ताप, सर्दी किंवा जुलाब झाला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

रक्तातले सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारे) दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेण्याआधी तपासावे, कारण इंजेक्शननेही ते वाढते आणि मग अर्थ लावणे अवघड होते. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलच घ्यावे. या विषाणूवर खास औषध नाही. कारण ठरायच्या आत स्टेरॉइड देण्याची घाई नको. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाला अशक्तपणा असेल तर आधी विषबाधा पाहावी, आणि रक्तातले पोटॅशियम सर्वांचेच तपासावे. अशक्तपणा पायांकडून वर चढतोय, गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय झटका देत नाही, एका श्वासात वीसपर्यंत मोजता येत नाही, तर जीबीएसची (गियाँ-बारे या नसांच्या आजाराची) शंका धरून व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणीच हलवावे. लघवी चहाच्या रंगाची झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे.

नमुन्यांत सर्वाधिक दुर्लक्ष होते शौचाकडे. विषाणू शौचातून कित्येक आठवडे पडत राहतो, त्यामुळे पाठीतल्या पाण्यात नाही सापडला तरी शौचात सापडू शकतो. अर्थात, शौचात सापडला म्हणजे मेंदूचा आजार त्यानेच झाला असे लगेच म्हणता येत नाही. पाठीतल्या पाण्यातला पुरावा जास्त भक्कम. १५ वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला की पोलिओ देखरेखीसाठी १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने, सुमारे ८ ग्रॅमचे शौचाचे दोन नमुने २ ते ८ अंश तापमानात पाठवले जातात. मोठ्यांसाठी पोलिओची शंका असेल तरच हे होते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा आरोग्य यंत्रणेने कारण न सापडलेल्या प्रौढ रुग्णांचेही शौच याच पद्धतीने घ्यावे, ही आमची मागणी आहे. पीसीआरसाठी पाठीतले पाणी साध्या निर्जंतुक नळीत, निदान १ मिली वेगळे ठेवावे. रक्त ईडीटीएच्या नळीत घ्यावे. हेपॅरिनच्या नळीत नको, ते (रक्त गोठू न देणारे द्रव्य) पीसीआर बिघडवते. नमुना घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवू-वितळवू नये.

घरात काय करावे? या विषाणूला चरबीचे आवरण नसते, म्हणून सॅनिटायझरवर विसंबू नये. साबण लावून २० सेकंद हात चोळावेत. जिथे नळ आठ दिवसांनी येतो तिथे हे जड जाते, तरी शौचानंतर, लंगोट बदलल्यावर आणि भाकरी थापण्याआधीचे धुणे वाचवू नये. संडास व फरशीसाठी १ लिटर पाण्यात ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे ३ ग्रॅम पुरतात. ओल लागलेल्या उघड्या पोत्यातली पावडर निकामी असते. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ती कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

तीन महिन्यांखालच्या बाळांना हाच विषाणू जिवावर बेतू शकतो, मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा करू शकतो. ताप, सर्दी किंवा जुलाब असलेल्या कुणीही, मग ती आजी असो की मामा, पाचवीला किंवा बारशाला बाळ मांडीवर घेऊ नये.

आपले,
विषाणू तपासणी व मेंदूविकार क्षेत्रात काम करणारे काही वाचक, जळगाव