पाव इंची सेल्फ-लॉकिंग नटांचा पात्रता चाचणी अहवाल अमान्य असल्याबाबत

प्रति,
गुणवत्ता विभागप्रमुख,

स्थळ : कुपवाड एमआयडीसी, सांगली

महोदय,

आपल्याकडून आलेले पाव इंची, इंचाला २८ आटे असलेले (०.२५०-२८ यूएनजेएफ), ए-२८६ या उष्णतारोधक मिश्र पोलादाचे, चांदीचा मुलामा दिलेले २,००० सेल्फ-लॉकिंग नट आम्ही लाल टॅग लावून बाजूला ठेवले आहेत. सोबतच्या पात्रता चाचणी अहवालाच्या प्रत्येक पानावर ‘पास’चा शिक्का आहे, पण त्याच पानांवरचे आकडे त्या शिक्क्याला साथ देत नाहीत. बिल का अडवले, असे आपल्या विक्री विभागाने फोनवर विचारले होते. कारणे लेखी देत आहोत.

मुख्य हरकत ब्रेकअवे टॉर्कची, म्हणजे बोल्टमध्ये ताण नसताना थांबलेला नट उलट फिरवायला लागणाऱ्या पिळाच्या जोराची आहे. एनएएसएम २५०२७ या सेल्फ-लॉकिंग नटांच्या विमान-उद्योग मानकाप्रमाणे या मापाचा नट पंधरा वेळा चढवायचा-उतरवायचा. लॉकिंग टॉर्क (नट चढवताना-उतरवतानाचा पीळ) एकदाही ३० इंच-पौंडांच्या वर जाता कामा नये आणि ब्रेकअवे ३.५ इंच-पौंडांच्या खाली येता कामा नये. अहवालात नट क्र. ३ साठी पंधराव्या फेरीत उतरवतानाचा कमाल टॉर्क ९ आणि त्याच फेरीचा ब्रेकअवे २२ नोंदवला आहे. एकाच फेरीत हे दोन्ही आकडे खरे असू शकत नाहीत. ब्रेकअवे घेताना बोल्टमधला ताण शून्यावर आणावा लागतो, नट बैठकीला टेकलेला चालत नाही. त्या वेळी नटाला धरून ठेवते ते फक्त तोंडाशी दाबून लंबगोल केलेल्या भागाचे आट्यांवरचे घर्षण. आपल्या माणसाने आवळलेला नट थेट पान्ह्याने सोडवला आणि तेव्हाचा आकडा ब्रेकअवेच्या रकान्यात भरला, असे दिसते. आवळून सोडवला तर बाजारातला साधा नटसुद्धा २२ दाखवेल. ज्या गुणासाठी हा नट महाग घ्यायचा, तो गुण या तक्त्यात मोजलेलाच नाही.

लॉटमधले ८ नट काढून आम्ही नव्या बोल्टांवर, प्रत्येक नटाला वेगळा बोल्ट देऊन, ताण काढून मोजले. पहिल्यांदा चढवताना सगळ्यांचा टॉर्क १९ ते २३ च्या दरम्यान होता, म्हणजे चांगला. पण एका नटाचा ब्रेकअवे अकराव्या फेरीत ३.१ वर आला आणि दुसऱ्याचा तेराव्या फेरीत २.८ वर. हे दोन नट दहा पट भिंगाखाली पाहिले, तेव्हा समोरासमोरच्या दाबलेल्या दोन जागी चांदी पूर्ण निघून पोलाद उघडे पडले होते, आट्यांच्या माथ्यावर ओरखडे होते आणि बोल्टच्या खाचांत राखाडी भुकटी साचली होती. चांदी इथे शोभेला नसते. ए-२८६ वर ए-२८६ घासले की आटे एकमेकांना धरतात, गॉलिंग होते. ते चांदी रोखते. पंधरा फेऱ्यांआधीच ती गेली, तर टॉर्क उसळतो किंवा लॉकिंगचा भाग झिजून ढिला पडतो. इथे तो ढिला पडला आहे. मुलाम्याच्या जाडीच्या आणि क्रिंपिंगच्या (नटाचे तोंड दाबण्याच्या) नोंदी पाठवाव्यात, कारण दोष या दोहोंपैकी एकात सापडेल.

चाचणीच्या बोल्टाबद्दल अहवालात फक्त ‘३ए बोल्ट’ (३ए हा आट्यांच्या अचूकतेचा वर्ग) एवढेच लिहिले आहे. या मापाच्या ३ए बोल्टाचा पिच व्यास, म्हणजे आट्यांच्या मध्यावर मोजलेला व्यास, ०.२२४३ ते ०.२२६८ इंच इतका असू शकतो. वरच्या टोकाचा बोल्ट घेतला की कमकुवत नटही घट्ट वाटतो, खालच्या टोकाचा घेतला की चांगला नटही सैल वाटतो. शिवाय पाचही नटांसमोर बोल्टाचा एकच क्रमांक दिसतो. पंच्याहत्तर वेळा घासून गुळगुळीत झालेल्या आट्यांवरचे वाचन आम्ही धरत नाही.

कंपन चाचणीचा हिशोब सोपा आहे. ३० हर्ट्झला ३०,००० आवर्तने पुरी व्हायला १६ मिनिटे ४० सेकंद लागतात. अहवालात सुरुवात ११.१० आणि शेवट ११.२२ अशी वेळ आहे. बारा मिनिटांत २१,६०० आवर्तने होतात. उरलेली ८,४०० कुठे गेली? निकालात नुसते ‘ठीक’ लिहिले आहे. नट आणि बोल्टावर रेघ मारून, चाचणीनंतर नट किती अंश फिरला ते लिहायचे असते, कारण ३६० अंशांची मर्यादा त्यावरच तपासतात. तडे कशाने पाहिले, याचाही उल्लेख नाही.

टॉर्क मीटर ० ते २०० इंच-पौंडांचा वापरला आहे. त्यावर ३.५ म्हणजे पूर्ण क्षमतेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. तिथे काटा काय सांगतो, त्यावर आपणही विश्वास ठेवणार नाही. लहान क्षमतेचा मीटर हवा. एका पानावर रकान्याचे एकक न्यूटन-मीटर छापून आत इंच-पौंडांचे आकडे आहेत, तेही दुरुस्त करावे.

अक्षीय ताण चाचणीबद्दल तक्रार नाही. तिचे आलेख पूर्ण आणि स्वच्छ आहेत. पण त्या नटांचा हीट नंबर (पोलादाच्या वितळीचा क्रमांक) आमच्या मालाच्या हीट नंबरशी जुळत नाही. सांगलीच्या यार्डात हळद घेताना खरेदीदार कांडी मोडून आतला रंग पाहतो, आणि ती कांडी त्याच पोत्यातली असते. पात्रता एकदा मिळाली तरी नंतर मुलामा देणारा किंवा क्रिंपिंगचे टूल बदलले असेल, तर जुना अहवाल या लॉटला लागू होत नाही. असा बदल झाला आहे का, ते स्पष्ट कळवावे.

आमची मागणी अशी : टॉर्क आणि कंपन या दोन्ही चाचण्या आमच्याच लॉटमधल्या नटांवर, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पुन्हा कराव्यात. प्रत्येक नटाचे प्रत्येक फेरीचे मूळ वाचन द्यावे, सरासरी नको. प्रत्येक बोल्टाचा मोजलेला पिच व्यास सोबत असावा. चाचणीच्या वेळी आमचा निरीक्षक हजर राहील. तारीख चार दिवस आधी कळवावी. खर्च आपल्याकडे. हे पत्र मिळाल्यापासून १५ कामाच्या दिवसांत हे झाले नाही, तर माल आपल्या भाड्याने परत येईल आणि ऑर्डर रद्द समजली जाईल.

झिजलेले दोन नट आणि त्यांचे बोल्ट वेगळ्या पाकिटात, फेऱ्यांच्या तक्त्यासह, या पत्रासोबत पाठवत आहोत. ते पुसू नयेत. भुकटी तशीच राहू द्यावी.

कळावे,

आपला विश्वासू,
आवक तपासणी विभागाकरिता