गोळीची आठवण यापुढे मी करणार नाही

कुडाळ

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

हल्ली फोनवर आपले बोलणे ‘जेवलास का’ आणि ‘गोळी घेतलीस का’ या दोन प्रश्नांपुढे सरकत नाही, आणि दुसऱ्या प्रश्नानंतर तुझा आवाज बदलतो हे मला इथे बसून ऐकू येते. म्हणून जे सांगायचे ते एकदाच आणि सविस्तर कागदावर लिहितो आहे. चोवीस वर्षांच्या मुलाला बापाने रोज सकाळी औषधाची आठवण करणे दोघांच्याही दृष्टीने बरे नव्हे. यापुढे मी ती करणार नाही. मात्र ते थांबवण्याआधी विल्सन्स डिसीज हा तुझा शरीरात तांबे साचण्याचा आजार मला जितका समजला आहे तितका तुझ्या हाती नीट सोपवावा असे वाटते. डॉक्टरांच्या खोलीत आपण तिघेही होतो, पण त्यांच्या बोलण्यातले तुझ्या कानांवर किती पडले असेल याची मला शंका आहे. आजाराचे निदान ऐकल्यानंतरची पाच-दहा मिनिटे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. मी ते वहीत टिपून घेतले आणि न कळलेले नंतर पुन्हा जाऊन विचारले.

नोकरीवर रुजू होताना केलेल्या तपासणीत यकृताला इजा झाल्याचे दाखवणारे तुझे एसजीपीटी वाढलेले निघाले, प्लेटलेट कमी निघाल्या आणि सोनोग्राफीत प्लीहा मोठी दिसली. त्यावर तुला पहिला प्रश्न आला तो ‘दारू किती पितोस’ हा, आणि तू ‘पीत नाही’ म्हटल्यावर तोच प्रश्न पुन्हा आला. तो अपमान तू अजून विसरला नाहीस, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे यकृताचा आजार म्हणजे दारू हे समीकरण इतके पक्के आहे की नातेवाइकांपैकीही काही जण मनातल्या मनात तोच हिशेब करत असणार. प्रत्येकाला खुलासा देत बसण्याचे तुला काही कारण नाही. पुढे ज्या यकृततज्ज्ञांनी तुला तपासले, त्यांनी मात्र सरळ सांगितले की तरुण वयात यकृत बिघडलेले दिसले आणि कारण सापडत नसेल, तर विल्सन्स डिसीजची तपासणी झालीच पाहिजे. रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबे वाहून नेणारे प्रथिन, कमी, चोवीस तासांच्या लघवीत तांबे जास्त आणि नेत्रतज्ज्ञांना स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला दिसलेले तपकिरी-हिरवट कडे, हे तिन्ही जुळले तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

आता या तांब्याची गोष्ट. प्रत्येक माणसाला अन्नातून थोडेसे तांबे लागतेच, आणि जास्तीचे असते ते यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. हे काम ज्या प्रथिनाच्या आधाराने चालते, ते बनवण्याच्या सूचना तेराव्या गुणसूत्रावरच्या एटीपी७बी या जनुकात असतात. १९९३ साली हा जनुक सापडला. तुझ्या शरीरातल्या त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, त्यामुळे जन्मापासून तांबे यकृतात साचत गेले. पावसाळ्यात मागल्या दारची मोरी तुंबली की पाणी आधी मोरीत, मग पडवीत आणि शेवटी माजघरात येते, तसेच हे तांबे यकृत भरले की रक्तातून मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाते. तुझ्या बाबतीत ते डोळ्यांच्या कडांपर्यंत पोहोचले आहे. मेंदूवर परिणाम झाल्याची लक्षणे डॉक्टरांना तपासणीत आढळली नाहीत. यकृतावर व्रण पडले आहेत, त्याला सिऱ्होसिस म्हणतात आणि तो शब्द ऐकून तुझ्या आईच्या हातातली पिशवी खाली पडली होती, हे तू पाहिलेस. पण त्याच वाक्यात डॉक्टर ‘कॉम्पेन्सेटेड’ असेही म्हणाले होते. म्हणजे व्रण असूनही यकृत आपले काम भागवते आहे. हा दुसरा शब्द आपण तिघांनी पहिल्याइतकाच ध्यानात ठेवायला हवा.

त्या दोन प्रतींपैकी एक माझ्याकडून आली, एक आईकडून. आम्हा दोघांकडे दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून आम्हाला कधी काही झाले नाही आणि कळलेही नाही. असे वाहक साधारण नव्वदांत एक असतात, त्यातले दोघे एकमेकांशी लग्न करतात आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. तुझी आई हे ऐकल्यापासून दोन्ही घराण्यांतली ऐन तारुण्यात काविळीने गेलेली माणसे आठवत बसली आहे. तिच्या एका चुलत मामाचे नाव तिने तीनदा घेतले. त्यातून काहीही सिद्ध होत नाही, आणि सिद्ध झाले तरी त्याने तुझ्या उपचारात फरक पडत नाही. मला स्वतःला या प्रकरणात अपराधी वाटत नाही, आणि तुझ्या आईलाही वाटू नये असा माझा प्रयत्न चालू आहे. तू तिच्यापाशी रागावून कधी ‘तुमच्यामुळे’ असे म्हणालास, तर मी समजून घेईन. ती घेऊ शकणार नाही. तुझ्या बहिणीची, मैथिलीची, तपासणी झाली, तिच्याकडे एकच बिघडलेली प्रत आहे, म्हणजे ती आमच्यासारखीच वाहक आहे. निकाल कळल्यावर ती रडली, आणि आनंदाने नव्हे. तू तिच्याशी बोलावेस.

इंटरनेटवर तू काय काय वाचले असशील याची मला कल्पना आहे, म्हणून एक गोष्ट तिथल्यापेक्षा वेगळ्या क्रमाने सांगतो. किनियर विल्सन या डॉक्टरांनी लंडनमध्ये १९१२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले तेव्हा तो जीव घेणाराच होता. तुझे आजोबा तुझ्या वयाचे होते तेव्हाही तो तसाच होता. १९५६ साली जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांनी पेनिसिलामाइन वापरून दाखवले, आणि ते रुग्णाला देण्याआधी त्यांनी स्वतः घेऊन पाहिले होते. तेच औषध तू घेतो आहेस. ते साचलेल्या तांब्याला पकडते आणि लघवीवाटे बाहेर नेते. यकृताच्या फार थोड्या आनुवंशिक आजारांवर रोज घेता येईल असा इतका साधा उपाय आहे. नियमित औषध घेणारे लोक नोकरी करतात, संसार करतात, म्हातारे होतात. हे मी धीर देण्यासाठी लिहीत नाही, डॉक्टरांना तीनदा विचारून लिहितो आहे.

त्यांनी सर्वांत जास्त वेळ ज्या धोक्यावर घालवला तो वेगळाच होता. त्यांच्या अनुभवात या आजाराचे तरुण रुग्ण पहिल्या वर्षी घाबरून औषध अगदी वेळेवर घेतात. मग रिपोर्ट सुधारतात, अंगात ताकद येते, गावाला जाताना डबी विसरते, चार दिवस काहीच होत नाही, आणि मग हळूहळू औषध सुटते. पुढचे काही महिनेही काही होत नाही. नंतर एखाद्या दिवशी यकृत एकदम निकामी होते आणि तेव्हा गोळ्या पुन्हा सुरू करून भागत नाही. तुला बरे वाटते ते गोळीमुळे वाटते, हे सारखे लक्षात ठेवणे अवघड आहे, कारण औषधामुळे टळलेल्या गोष्टी दाखवता येत नाहीत आणि म्हणून त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटत नाही. हे औषध जन्मभराचे आहे. पुढे कधी डॉक्टर ते बदलून झिंक देतील, जे आतड्यातच तांबे अडवते. पण काहीतरी घेणे थांबणार नाही. रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तास नंतर, सोबत बी-६ ची गोळी. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, नंतर कधी लघवीत प्रथिने किंवा रक्तातल्या पेशी कमी होणे असे त्रास संभवतात, म्हणून त्या तपासण्या ठरल्या वेळी करायच्या. त्रास झाला तर डॉक्टरांना फोन करायचा. आपल्या मनाने औषध बंद करायचे नाही. हे औषध प्रत्येक दुकानात मिळत नाही, तेव्हा महिन्याभराचा साठा नेहमी हाताशी असू दे.

घरात काय बदलले ते सांगतो. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेले पाणी पिण्याची आपली जुनी सवय मोडली. कळशी आता शोभेला आहे. देवघरातली पळी-पंचपात्री आजीने स्वतःहून बदलली, आणि तीर्थ आता चांदीच्या वाटीतून मिळते. हा बदल तिने कुणाच्याही सांगण्याशिवाय केला आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरही तीच देते. बंबातल्या पाण्याने आंघोळ चालेल का, असे मी डॉक्टरांना विचारले तेव्हा ते हसले. चालते, प्यायचे नाही एवढेच. खाण्यात कलेजी, तिसऱ्या, कालवे, खेकडे, मशरूम, चॉकलेट आणि काजू निदान पहिले वर्ष तरी टाळायचे आहेत. आपल्या घरात काजूच्या उसळीशिवाय चैत्र कसा जाणार हा प्रश्नच आहे, पण मासे चालतात, भात चालतो, सोलकढी चालते, तेव्हा तू उपाशी राहणार नाहीस. आणि नुसते पथ्य करून हा आजार आवरत नाही, हे पथ्य सांगणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे सांगत जा.

पथ्य सांगणारे येणारच आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला काळजी आहे. काविळीची माळ घालणारे निरुपद्रवी म्हणता येतील. पण ‘यकृतासाठी उत्तम’ म्हणून आरोग्यवर्धिनी सुचवणारे दोघे जण मला आत्ताच भेटले आहेत, आणि आरोग्यवर्धिनीत ताम्रभस्म असते. ज्याच्या यकृतातून तांबे बाहेर पडत नाही त्याला भल्या हेतूने तांबेच पाजायचे, असा हा प्रकार आहे. गुळवेलीचेही तसेच, ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. आयुर्वेदाशी माझे वैर नाही, तुझ्या आजीचा खोकला आजही अडुळशानेच बरा होतो. परंतु तुझ्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा, भस्म, प्रोटीनची पावडर किंवा जिममधल्या मित्राने दिलेली गोळी यांपैकी काहीही पोटात जाता कामा नये. साध्या तापावरचे पॅरासिटामॉलही किती घ्यायचे हे विचारून ठेव.

दारू अजिबात नाही, थोडीही नाही. कार्यालयातल्या मेजवानीत ‘मला चालत नाही’ हे तीन शब्द पुरेसे आहेत, कारण सांगायला तू बांधील नाहीस. विम्याच्या अर्जात मात्र आजार लपवू नकोस. कंपनीच्या सामूहिक विम्याची कागदपत्रे वाचून ठेव, आणि स्वतःचा वेगळा विमा घेताना खरे तेच लिही. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनंतर जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. त्यापेक्षा लपवलेली गोष्ट उघडकीस येऊन दावा नाकारला जाणे वाईट.

लग्नाचा विषय तू काढणार नाहीस, म्हणून मी काढतो. सांगून आलेल्या स्थळाला असो की तू स्वतः निवडलेल्या मुलीला असो, पहिल्या-दुसऱ्या भेटीतच नको, पण बोलणी पुढे जाण्याआधी हे सांगितलेच पाहिजे. आई म्हणते, लोक नाही म्हणतील. काही म्हणतील. तुझी बायको वाहक नसेल तर मुलांपैकी कुणालाही हा आजार होणार नाही, सगळी आमच्यासारखी नुसती वाहक होतील. ती वाहक आहे की नाही हे जनुकीय तपासणीने पाहता येते. न पाहिले तरी मुलाला आजार होण्याची शक्यता दोनशेत एकाच्या आसपास येते. एवढ्यावरून घाबरून मागे फिरणारे घर तुझ्यासाठी नव्हते, असे मी म्हणेन. फक्त नात्यात, मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी, सोयरीक सुचवणाऱ्यांना मी इथूनच परत पाठवतो आहे. वाहक असण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त.

मनाबद्दल लिहायला मला जड जाते, पण तेही औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. उदास वाटणे, चिडचिड होणे, कामात लक्ष न लागणे हे निदानाच्या धक्क्यानेही होते आणि या आजारात तांब्याच्या मेंदूवरील परिणामानेही होते. यांतले कोणते कारण आहे हे तुला किंवा मला ठरवता येणार नाही, म्हणून डॉक्टरांना सांगायचे. हात थरथरणे, अक्षर बदलणे, बोलताना जीभ अडखळणे यांतले काही जाणवले तर त्याच आठवड्यात सांगायचे, पुढच्या भेटीपर्यंत थांबायचे नाही. तुझ्या खोलीतल्या मित्रांपैकी निदान एकाला तरी सारे माहीत असू दे. कुणाला सांगायचे ते तू ठरव.

आणखी एक गोष्ट, जी बहुधा लागणार नाही. औषधाने भागले नाही तर यकृत प्रत्यारोपण हा मार्ग आहे, आणि नवे यकृत तांबे बाहेर टाकू शकत असल्याने मूळ दोषच नाहीसा होतो. जिवंत दात्याच्या यकृताचा काही भाग घेतला जातो आणि उरलेला भाग पुन्हा वाढतो. वाहक असलेले आईवडीलही दाते होऊ शकतात, हे मी विचारून घेतले आहे. माझा रक्तगट तुझ्याशी जुळतो. याबद्दल यापुढे आपण बोलायची गरज नाही. तुला ठाऊक असावे एवढ्यासाठी लिहिले.

मैथिली येत्या आठवड्यात पुण्याला येते आहे, तिच्याबरोबर तुझ्या सर्व मूळ रिपोर्टांची फाईल पाठवतो. इथे फक्त झेरॉक्स ठेवल्या आहेत. पुढची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी कधी, हे फाईलच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. त्यानंतरच्या तारखा तू लिहायच्या. चोवीस तासांच्या लघवीची तपासणी चतुर्थीच्या सुट्टीआधीच उरकून घे, आणि ती शनिवार-रविवारी कर, नाहीतर तो कॅन घेऊन कार्यालयात जावे लागेल. चतुर्थीला येणार असशील तर कोकण रेल्वेचे तिकीट आत्ताच काढ. तुझ्या सकाळच्या गोळीनंतर तासभर थांबूनच मोदकांचे पान वाढायचे, असे आईने ठरवले आहे.

तुझे,
बाबा