‘इतकी वर्षं गप्प का बसला?’

मा. संपादक, स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं होतं, की लहानपणी लैंगिक अत्याचार झाला म्हणणारे हे पुरुष इतकी वर्षं गप्प का बसले? प्रश्न मलाच विचारल्यासारखा वाटला, म्हणून लिहितो आहे. मी पस्तीस वर्षं गप्प होतो.

नऊ ते अकरा या वयात माझ्या बाबतीत हे घडलं. करणारे माझे शिकवणीचे सर होते. घरात त्यांना मान होता. दाराची कडी लावून झाली की ते किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवत. तो आवाज आजही कुठे कानावर पडला की माझे खांदे वर जातात. बाकीचं सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

गप्प राहण्याचं कारण फक्त भीती नव्हतं. कधीकधी माझ्या शरीराने प्रतिसाद दिला होता. म्हणजे मलाही ते हवं होतं, असा निकाल मी दहाव्या वर्षी स्वतःवर लावला आणि तो मोठेपणी नोकरी, लग्न, संसार सगळीकडे सोबत नेला. समुपदेशक बाईंनी पुढे एका वाक्यात तो मोडला. ‘गुदगुल्या केल्यावर हसू येतं, म्हणून त्या आवडतात असं असतं का?’ शरीराची ती आपोआप होणारी क्रिया असते, संमतीशी तिचा संबंध नसतो. हे कुणी वेळेत सांगितलं असतं तर माझी निम्मी वर्षं वाचली असती. मुलांना सांगतंय कोण?

दुसरी भीती म्हणजे ‘ज्याच्यावर होतं तोच पुढे तसं करतो’ हा समज. पोटच्या मुलाला आंघोळ घालताना माझे हात थरथरायचे. खरं तर असे बहुसंख्य पुरुष आयुष्यात कुणालाही त्रास देत नाहीत. पण हा समज पसरवणाऱ्यांना कल्पना नसते, की ऐकणाऱ्यांत माझ्यासारखा कुणीतरी बसलेला आहे.

तोंड उघडलं ते बुटामुळे. मुलगा नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याचा शाळेचा बूट पॉलिश करायला घेतला आणि तो माझ्या तळहातावर अख्खा मावला. ‘मी पळून का गेलो नाही’ असं ज्याला मी आयुष्यभर खडसावत आलो, तो एवढाच होता. त्या रात्री बायकोला सांगितलं. ती ‘इतके दिवस का नाही बोललास’ म्हणाली नाही. माझ्या हातातून बूट काढून घेतला आणि शेजारी बसून राहिली. याहून बरं काही तिने केलं असतं असं मला वाटत नाही.

मी काही एकटा नाही. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल 2017 मध्ये आला. आयोगापुढे खासगीत बोलायला आलेल्यांत पुरुष 60 टक्क्यांहून अधिक होते, आणि झालेलं पहिल्यांदा कुणाला सांगायला पीडितांना सरासरी 23.9 वर्षं लागली होती. माझा आकडा त्याहून मोठा. अभिमानाची बाब नव्हे. नोव्हेंबर 2016 मध्ये इंग्लंडच्या अँडी वुडवर्ड या माजी फुटबॉलपटूने एका वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानिशी सांगितलं आणि काही दिवसांत एकामागून एक माजी खेळाडू पुढे आले. दार कुणीतरी आधी उघडावं लागतं.

यावरून आठवलं, बातमी मुलाची असली तरी आपण शेजारी गुडघ्यात तोंड लपवलेल्या मुलीचं रेखाचित्र छापता. राग नाही, पण तेवढं एकदा पाहाच.

बरं होणं म्हणजे विसरणं नव्हे, एवढं मी शिकलो. दोन वर्षं दर आठवड्याला समुपदेशन घेतलं. मधे चार महिने सोडलंही होतं, कारण सुरुवातीला झोप आणखी बिघडली. नंतर पुरुषांच्या एका गटात जायला लागलो. पहिल्या दिवशी एकाहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांनी आयुष्यात प्रथमच ते सांगितलं. मधेच थांबून म्हणाले, ‘पाणी देता का?’ आम्ही आठजण एकदम उठलो. मग सगळेच हसलो, तेही हसले.

माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. हे पत्र त्याने वाचलं आहे आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आहेत. त्याच्यासाठी नाव लपवत नाही. लपवतो ते आईसाठी. तिचं वय झालं आहे आणि ती अजून मधूनमधून विचारते, ‘तुझे ते सर कसे आहेत रे? तुझ्यावर फार जीव होता त्यांचा.’

आपला,
एक वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये)