ऑक्सबरोची वीट

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

बाबा, इंग्लंडमधल्या नॉरफकमधलं ऑक्सबरो हॉल पाहून आले, पंधराव्या शतकातला वाडाच. तुम्ही असतात तर तिथून हलला नसतात. चारी बाजूंनी खंदक, पुलापलीकडे जवळजवळ ऐंशी फूट उंच देवडी, आणि सगळं विटेत! या भागात बांधकामाला धड दगडच नाही, नुसती गारगोटी. माती मात्र हवी तेवढी. वीट आपल्यापेक्षा पातळ, जेमतेम दोन इंचांची, आणि सांध्यांत चुना.

तटबंदीसाठी राजाची परवानगी लागे. चौथ्या एडवर्डने ती हा वाडा बांधणाऱ्या एडमंड बेडिंगफेल्डला 1482 मध्ये दिली. पण दर्शनी भिंतीला एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवून कोण लढतं? मला तर हा निव्वळ थाट वाटला. शिवाय जुनं दिसणारं सगळंच जुनं नाही. मुख्य दिवाणखान्याची बाजू 1775 मध्ये पाडली, आणि बरीचशी नक्षीदार धुराडी एकोणिसाव्या शतकातली आहेत.

आई, तुला आवडेल ती गोष्ट वेगळीच. हे बेडिंगफेल्ड घराणं कॅथलिकच राहिलं, आणि पहिल्या एलिझाबेथच्या काळात कॅथलिक पाद्र्याला आसरा देणाऱ्याला फाशी होई. म्हणून जुन्या शौचकूपात जमिनीचा एक तुकडा फरशीसकट वर उचलता येईल असा केलाय. खाली माणूस लपेल एवढीच जागा. बंद केल्यावर कळतसुद्धा नाही. आणि उंदरांनीही इथे संसार थाटले होते: 2020 मध्ये छपराच्या दुरुस्तीसाठी माळ्याच्या फळ्या काढल्या, तर त्यांच्या घरट्यांत शेकडो वर्षांपूर्वीच्या कापडाच्या चिंध्या आणि हस्तलिखितांचे कपटे निघाले. ही दुरुस्ती 2016 मध्ये छपरातली एक खिडकी कोसळल्यामुळे निघाली. खर्च साठ लाख पौंड!

बाबा, खरी कमाल देवडीतल्या गोल जिन्याची. डोक्यावरचं छत विटेचं, आणि तेही पायऱ्यांबरोबर पिळत वर जातं. हाताला धरायचा कठडासुद्धा वेगळा नाही, भिंतीतच खोबण ठेवून घडीव विटांचा केलाय. हात ठेवला की आपोआप वर सरकतो. साधी कमान भरायची तर खाली सेंटरिंग लावता येतं. पण फिरत-चढत जाणाऱ्या छताला त्या गवंड्यांनी खालून आधार दिला कसा? फोटो पाठवतेय. नीट पाहा आणि रविवारी फोनवर तुमचा अंदाज सांगा.

तुमची,
मनू