पिशवी काढली, अंडाशयांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, नोव्हेंबर २०२५ मध्ये रजोनिवृत्तीच्या हार्मोन औषधांवरचे काळ्या चौकटीतले बरेचसे इशारे हटवायचे ठरवले. तेव्हापासून ‘हार्मोन्स सुरक्षित ठरली’ असा सूर ऐकू येतो. त्याआधी वीस-बावीस वर्षे ‘हार्मोन्स म्हणजे कॅन्सर’ हा सूर होता. दोन्ही अर्धवट. हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचे इशारे काढायला सांगितले, हे खरे. पण पोटात घेतलेल्या किंवा कातडीतून रक्तात जाणाऱ्या नुसत्या इस्ट्रोजेनमुळे (अंडाशयांत तयार होणारे मुख्य स्त्री-हार्मोन) गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हा इशारा चौकटीतच राहिला. तो राहायलाच हवा होता. हार्मोन उपचारात सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न त्यातूनच येतो: पिशवी आहे की काढली? आणि काढली असेल, तर अंडाशय ठेवले की तेही काढले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक बाई देते. दुसऱ्याचे उत्तर आपल्याकडे, विशेषतः खेड्यापाड्यांत, फार थोड्या जणींना देता येते.

बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालात पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. शस्त्रक्रिया गरजेची होती का, कोणी भीती घातली, यावर बोलले गेले आणि ते योग्यच झाले. पुढे २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. हे सारे अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी. ज्यांची होऊन गेली, त्यांतल्या किती जणींचे अंडाशयही गेले आणि त्यांना इस्ट्रोजेन मिळते का, हे विचारायचे राहूनच गेले.

नैसर्गिक रजोनिवृत्ती चार-पाच वर्षे रेंगाळत येते. दोन्ही अंडाशय काढले की ती काही दिवसांत येते, मग वय ३३ का असेना. अंगातून वाफा, रात्री घामाने गाऊन बदलावा लागणे, झोपमोड, चिडचिड, संबंधाच्या वेळी दुखणे ही दिसणारी बाजू. न दिसणारी बाजू हाडांची: सुरुवातीच्या काही वर्षांतच ती झपाट्याने विरळ होतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरचे संरक्षणही लवकर उठते. मेयो क्लिनिकच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नैसर्गिक रजोनिवृत्तीआधी अंडाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसला. शस्त्रक्रियेनंतर पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलेल्यांत तो वाढलेला नव्हता. अशी बाई ‘कंबर धरते, हातापायांची आग होते, झोप नाही’ म्हणून येते तेव्हा तिला काय मिळते? एक सलाईन, एक लाल इंजेक्शन आणि कॅल्शियमची पट्टी.

म्हणून आधी डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव आद्याक्षरांत असते. ‘टीएएच’ म्हणजे पोटावर छेद घेऊन पिशवी काढली, ‘व्हीएच’ म्हणजे खालच्या मार्गाने, ‘टीएलएच’ म्हणजे दुर्बिणीने. महत्त्वाचे त्यापुढे लिहिलेले असते. ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशय नळ्यांसकट गेले. ‘आरएसओ’ किंवा ‘एलएसओ’ असेल तर उजवा किंवा डावा एकच. नुसते ‘बीएस’ असेल तर फक्त नळ्या काढल्या, अंडाशय जागेवर आहेत. कार्ड हरवले असेल तर काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा पॅथॉलॉजी अहवाल बघावा. त्यात कोणकोणते अवयव आले होते ते नोंदलेले असते. काहीच नसेल तर सोनोग्राफीवर फार विसंबू नये, कारण सुकलेला अंडाशय तिच्यात सहज दिसत नाही. पिशवी नसलेल्या आणि पंचेचाळिशीच्या आतल्या बाईला त्रास असेल तर रक्तातले एफएसएच (अंडाशयांना चालना देणारे हार्मोन, अंडाशय थकले की ते वाढते) तपासावे. ते २५ युनिटच्या वर असेल आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा तसेच आले, तर अंडाशय काढलेले आहेत किंवा बंद पडले आहेत. उपचार दोन्हीत एकच. अंडाशय ठेवलेले असले तरी पिशवी काढल्यावर ते सरासरी काही वर्षे आधीच थकतात, आणि पाळीच नसल्याने ते कधी थकले ते कळत नाही.

पिशवी नाही, अंडाशय नाहीत, वय पंचेचाळीसच्या आत, अशा बाईला फक्त इस्ट्रोजेन पुरते. नेहमीची मात्रा इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट २ मिलिग्रॅम रोज एक गोळी, किंवा ०.०६ टक्के इस्ट्रॅडिऑल जेलचे रोज दोन दाब. पंपाच्या एका दाबात १.२५ ग्रॅम जेल म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम औषध येते. पन्नाशीच्या बाईला १ मिलिग्रॅम किंवा एका दाबावर भागते. तरुण बाईला ते कमी पडते आणि ‘औषधाचा गुण नाही’ म्हणून ती सोडून देते. हे नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत घ्यायचे. भारतात ते वय सरासरी ४६-४७ आहे. पन्नाशीपर्यंत न्यावे असे आमचे मत. शरीरात त्या वयात जे असायलाच हवे तेवढेच आपण भरून देत असतो, जास्तीचे काही नाही. दोन अपवाद मात्र ध्यानात ठेवावेत. शस्त्रक्रिया एंडोमेट्रिऑसिससाठी (अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) झाली असेल, किंवा पिशवीचे तोंड मागे ठेवले असेल, तर अस्तराच्या पेशी उरलेल्या असू शकतात. तिथे प्रोजेस्टेरॉनची (अस्तराची वाढ रोखणाऱ्या हार्मोनची) जोड द्यावी का, हे डॉक्टरांनी ठरवावे.

आता कर्करोगाच्या भीतीबद्दल. ती आली २००२ च्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासातून. त्यात पिशवी असलेल्या १६,६०८ स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ६३! त्यांतल्या सुमारे निम्म्या जणींना घोडीच्या लघवीतून काढलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक एकत्र दिले होते. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० वरून ३८ झाले. म्हणजे आठने वाढ. नाकारण्यासारखी नाही, पण घरोघरी जी भीती पोचली तिच्या मानाने लहानच. पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांच्या दुसऱ्या गटात सुमारे निम्म्या जणी नुसत्या इस्ट्रोजेनवर होत्या. त्यांच्यात हे प्रमाण वाढले नाही; वीस वर्षांच्या पाठपुराव्यात उलट कमी झालेले दिसले. पक्षाघाताचे प्रमाण मात्र त्याही गटात वाढले होते. तेव्हा ज्यांची पिशवी नाही त्यांनाच पहिल्या गटाची भीती घालणे हे उफराटे आहे.

गोळी आणि जेल यांत फरक आहे. गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते, तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, म्हणून पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका काहीसा वाढतो. कातडीतून जाणाऱ्या इस्ट्रोजेनने नेहमीच्या मात्रेत तो वाढलेला दिसत नाही. वजन जास्त, रक्तदाब, अर्धशिशी, ट्रायग्लिसराइड वाढलेले, अशांना जेलच बरे. जेल आंघोळीनंतर कोरड्या अंगावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरावे. चोळून जिरवू नये, पाच मिनिटे वाळू द्यावे, मग हात साबणाने धुवावेत. स्तनांवर कधीही लावू नये. तासभर तेथे तेल वा पाणी लागू देऊ नये, आणि ती जागा लहान मुलाच्या अंगाला घासू देऊ नये.

पिशवी असेल तर गणित बदलते. नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढत राहते. हे १९७५ पासून माहीत आहे. म्हणून प्रोजेस्टेरॉन हवेच. पाळी अजून येते-जाते अशा काळात नैसर्गिक सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम, महिन्यातल्या १२ ते १४ रात्री; त्यानंतर पाळीसारखे अंगावर जाते. पाळी जाऊन वर्ष उलटले असेल तर १०० मिलिग्रॅम रोज रात्री, खंड न पाडता. ते झोपतानाच घ्यायचे, कारण त्याने गुंगी येते. सकाळच्या चहाबरोबर घेतले की दिवसभर डोके जड राहते आणि मग बाई नेमकी तीच कॅप्सूल बंद करते. जेल चालू राहते, कारण त्याने वाफा थांबलेल्या असतात. आमच्या पाहण्यातली ही सर्वांत घातक चूक. दोन्हीपैकी एक सोडायचे झालेच तर इस्ट्रोजेन सोडावे.

खंड न पाडता घेण्याच्या उपचारात पहिले तीन ते सहा महिने थोडे डाग दिसतात, ते चालते. सहा महिन्यांनंतरही रक्त जात असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर, औषध चालू नसताना, एकदा जरी रक्त दिसले, तर आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजावी. औषध नसताना ती ४ मिलिमीटरहून जास्त असेल तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा. हे अंगावर काढू नये.

चाळिशीनंतर पाळी जास्त जाते म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो, त्याआधी एक उपाय जरूर विचारावा: ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉर्जेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हार्मोन) असलेली टी आकाराची वस्तू गर्भाशयात बसवणे. दिसायला कॉपर-टीसारखी, पण तिच्यात तांबे नसते. तांब्याने रक्तस्राव वाढतो, हिने तो फार कमी होतो. शिवाय गर्भनिरोधन होते, आणि पुढे इस्ट्रोजेन लागलेच तर प्रोजेस्टेरॉनची बाजू हीच सांभाळते (त्या कामासाठी दर पाच वर्षांनी बदलावी लागते). पहिले चार-सहा महिने अधूनमधून डाग पडतात. हे बसवतानाच सांगितले नाही की तिसऱ्या महिन्यात ती काढून टाकायला बाई येते.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली नॉरएथिस्टेरॉनची ५ मिलिग्रॅमची गोळी हा हार्मोन उपचार नव्हे. मोठ्या मात्रेत तिचा काही भाग शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. चाळिशीनंतर अनियमित पाळीवर ती परस्पर घेत राहिले की रोग झाकला जातो. आणि उलट बाजूने, हार्मोन उपचार हे गर्भनिरोधन नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावीच लागते.

पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित आणि वाफा येत असतील तर निदानासाठी एफएसएच किंवा एएमएच (अंडाशयांतला बीजसाठा सांगणारी चाचणी) लागत नाही; हजारोंच्या ‘मेनोपॉज पॅकेज’चा काही उपयोग नाही. त्या पैशात थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, चरबी, रक्तदाब आणि मॅमोग्राफी पाहावी. रात्रीच्या घामाबरोबर वजन घटत असेल, संध्याकाळी ताप किंवा खोकला असेल, तर आधी क्षय तपासावा.

कोणाला देऊ नये हेही स्पष्ट आहे: स्तनाचा कर्करोग झालेला, कारण न कळलेला रक्तस्राव, शिरेत गुठळी, नुकताच झालेला हृदयविकार किंवा पक्षाघात, यकृताचा चालू आजार. साठीनंतर किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाल्यावर नव्याने सुरू करणेही सहसा टाळावे. स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन चालू असताना वाफांसाठी पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध दिले जाते, ते चुकीचे आहे. त्याने टॅमॉक्सिफेनचे काम अडते. व्हेन्लाफॅक्सिन चालते.

योनिमार्गाची कोरड आणि वरचेवर होणारी लघवीची जळजळ यांवर इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचे ०.१ टक्के मलम योनिमार्गात लावणे पुरते: अर्धा ग्रॅम, दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. त्याला प्रोजेस्टेरॉनची जोड लागत नाही. साठीच्या बाईला वर्षातून चार-चारदा अँटिबायोटिक देण्याआधी हे करून बघायला हवे.

शासनाकडे मागणी मोठी नाही. पिशवी काढलेल्या प्रत्येकीच्या कार्डावर ‘दोन्ही अंडाशय ठेवले’ किंवा ‘काढले’ हे मराठीत, पूर्ण शब्दांत लिहिणे सक्तीचे करावे. बीडच्या पाहणीतल्या महिलांची यादी आरोग्य खात्याकडे असेलच. पन्नाशीच्या आतल्यांना बोलावून ही एक गोष्ट तपासावी. आणि इस्ट्रॅडिऑलची २ मिलिग्रॅमची गोळी ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीवर कॅल्शियमच्या शेजारी मिळावी. तोडणीचा हंगाम सुरू होण्याआधी हे झाले, तर सहा महिन्यांच्या गोळ्या सोबत देता येतील.

आपली विश्वासू,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ, लातूर