पिस्टनवरच्या पाण्याला हसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वाफेच्या इंजिनावरचा लेख वाचला. इंग्रज संशोधक न्यूकोमेनने पिस्टनवर, म्हणजे सिलिंडरात वरखाली सरकणाऱ्या दट्ट्यावर, पाणी ओतण्याचा ‘अडाणी उपाय’ केला आणि पुढे जेम्स वॉटने पिस्टनच्या कडेने होणाऱ्या गळतीचा प्रश्न ‘सोडवला’ म्हणे! झाले ते जवळजवळ उलटे.

न्यूकोमेनच्या १७१२ च्या, इंग्लंडमधल्या डडलीच्या इंजिनाचा २१ इंची सिलिंडर वरून उघडा होता. आत भरलेल्या वाफेवर गार पाण्याचा फवारा मारला की तिचे पाणी होऊन पिस्टनखाली पोकळी व्हायची. पिस्टन खाली ढकलायची ती बाहेरची हवा. तीच फटीतून आत शिरली की पोकळी संपली, कारण गार फवाऱ्याने वाफ आटते, हवा आटत नाही. पिस्टनवर पाण्याचा थर असला की फटीतून शोषले जाते ते पाणी, आणि ते फवाऱ्याच्या पाण्याबरोबर तळच्या नळीने निघून जाते. कडेचे कातडे आधी दोन-तीन इंच वर वळवलेले असे. ते झिजून तुटले, तुकडा आडवा पडला आणि नुसत्या कडेने घासत राहिला, तरी इंजिन चालले! लगामाचा पट्टा किंवा मऊ जाड दोरही पुरतो, हे त्यातून कळले. त्या काळच्या डेसाग्युलियर्स या शास्त्रज्ञाने ते लिहून ठेवले आहे. अडाणी म्हणायचे तर म्हणा बापडे.

पंचाईत केली ती वॉटने. तो वाफ वेगळ्या भांड्यात गार करी, म्हणून त्याला सिलिंडर सतत तापलेला हवा होता. तिथे पाणी झिरपले तर त्याचीच वाफ होऊन पोकळी बिघडणार, म्हणजे पाणी बाद. कारखानदार विल्किन्सनने कोरून दिलेल्या ५० इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॉटचा भागीदार बोल्टनने १७७६ मध्ये कौतुकाने लिहिले. पण त्याहून बारीक फटही वाफेला पुष्कळ झाली. म्हणून वाखाची, म्हणजे दोराच्या तंतूंची, सैल पिळाची पेडी चरबीत भिजवून पिस्टनभोवती गुंडाळायची, वर लोखंडी कडे ठेवून बोल्ट आवळायचे. दाबलेला वाख बाजूला फुगून भिंतीला टेकतो. कमी आवळला तर वाफ निसटते, जास्त आवळला तर घर्षणातच जोर जातो. शिवाय वाख झिजतो, आणि पुढच्या काळातल्या जास्त दाबाच्या, जास्त गरम वाफेने करपतो.

धातूच्या चिरलेल्या रिंगा इंग्रज अभियंता रॅम्सबॉटमच्या, १८५२ च्या. सिलिंडरपेक्षा सुमारे दहा टक्के मोठ्या वळवून दाबून बसवायच्या, म्हणजे त्या आपल्याच ताणाने भिंतीला चिकटतात. तुमच्या चित्रात त्या न्यूकोमेनच्या पिस्टनवर कशा चढल्या, हे चित्रकारालाच ठाऊक.

आणि हो, लेखात म्हटले तसे ‘तोफा कोरण्याच्या यंत्रावरच’ सिलिंडर कोरले नाहीत. भरीव तोफ एकीकडून बंद असते. सिलिंडर दोन्हीकडे उघडा, म्हणून कोरणारा दांडा आरपार घालून दोन्ही टोकांना आधार देता आला. त्यासाठी विल्किन्सनने वेगळे यंत्र केले होते.

दुरुस्ती छापाल तेव्हा कृपया चित्रासकट छापा.

आपला,
एक वाचक